मावशी मागच्या सीटवर

माझी मावशी इतकी उंच की इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे शिडीच म्हणत. चादरींना इस्त्री करून घड्या घालायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. नवरा लवकर गेला. त्या घड्यांवरच तिने मुलाला दातांचा डॉक्टर केलं. आता त्याचं बस्तान छान बसलंय आणि आई तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, ‘‘तू मध्ये मध्ये करू नकोस.’’

त्याने छत उघडणारी छोटी, भारीतली गाडी घ्यायचं ठरवलं. दोघांनीच बसायची एक होती आणि मागे नावापुरत्या सीट असलेली दुसरी. मावशीने कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. पण असल्या गाडीतून वारं खात एकदा फिरायचं, हे मात्र तिच्या मनाने घेतलं. त्यात मुलगा म्हणाला, ‘‘आई, शोरूममध्ये चल, मागे बसून बघ.’’ झालं! ठेवणीतले कपडे निघाले, मलाही बोलावणं आलं. तिचा आनंद मला बघवत नव्हता, कारण मी या मावसभावाला आणि त्याच्या बायकोला चांगली ओळखून होते.

शोरूममध्ये वहिनीने आधी रंगावरून सेल्समनचा जीव खाल्ला. मग मावशीला मागे चढवलं. एक पाय, मग कंबर, मग दुसरा पाय हाताने उचलून आत. गुडघे हनुवटीला टेकले. सेल्समनने हसू दाबलं, वहिनीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

‘‘छत लावा बघू,’’ वहिनी म्हणाली.

छत आलं. मावशीने मान खाली घातली.

‘‘अडचण होतेय का?’’ मुलाने विचारलं.

‘‘छे रे, ऐसपैस आहे की.’’

अडचण होतेय म्हटलं तर दोघांचीच गाडी येईल, ही तिची धास्ती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

‘‘लांबच्या प्रवासाला चालेल?’’ वहिनीने विचारलं.

‘‘कितीही लांब जा.’’

वहिनी खूश झाली. ‘‘मग हीच घेऊ. आई मावल्या म्हणजे राजा आरामात मावेल.’’

राजा म्हणजे त्यांचा वासराएवढा कुत्रा. ती सेल्समनकडे वळून म्हणाली, ‘‘त्याला तुम्ही आत येऊ देत नाही ना, म्हणून यांना आणलं.’’

हे ऐकून दातांच्या डॉक्टरची दातखीळ बसली असेल, असं वाटतंय? तो सीटवर नखांचे ओरखडे उठतील का, ते विचारत होता.

छत उघडलं. मी हात पुढे केला, तो मावशीने धरला नाही. तशीच दुमडून बसलेली ती मुलाला म्हणाली, ‘‘राजाला नाही जमायचं रे. त्याचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत.’’

‘‘तो पाय पोटाशी घेतो, आई,’’ मुलगा म्हणाला. ‘‘उतर आता.’’