द्राक्षांचं गुऱ्हाळ

माझी ताई परदेशात वाईन बनवते हे आमच्या अप्पांनी गावात कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "रसाच्या धंद्यात हाय ती." जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. तरुणपणी दारूबंदीच्या प्रभातफेऱ्या काढल्या, शाळेतल्या पोरांच्या हातात फलक देऊन त्यांना गावभर ओरडत फिरवलं. त्यांचीच थोरली लेक सातासमुद्रापार जाऊन टाक्यांवर चढते न् उतरते म्हटल्यावर ते तरी काय सांगणार? मी मात्र नांदेडच्या माझ्या शाळेत, स्टाफरूममध्ये, सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आपल्या पोटात तीळ भिजत नाही.

तर अशा अप्पांनी एक दिवस उदगीरजवळच्या आमच्या माळावर द्राक्षं लावली. तीही खायची नव्हे, वाईनची. एक विलायती पांढरी जात. सगळं गाव आ वासून बघत राहिलं. आई म्हणाली, "यांच्या डोक्यावर परिणाम झाला." मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं की ही बाग नाही, हा सापळा आहे. पोरगी बोलावून येत नाही ना, मग तिला आवडतं ते चिंचोक्यासारखं इथंच मातीत पुरायचं, उगवलं की येईल आपोआप. अप्पा कबूल करणार नाहीत, पण मी त्यांचीच पोर आहे, मला कळत नाही होय!

ताई तिकडच्या थंड मुलखातल्या एका छोट्या वायनरीत होती. मालकीणबाई, तिचा नवरा आणि ताई, एवढाच कारभार. थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकतं, त्याची आंबटाई टिकते, वास टिकतो, आणि तसली वाईन ताईच्या जिवाभावाची. लातूर जिल्ह्यात तसली वाईन काढायची म्हणजे तव्यावर बर्फ ठेवण्यातला प्रकार. पण ताईचं म्हणणं, आपला माळ उंचावर आहे, माघात पहाटे दात वाजतात, तेवढी थंडी पुरे. थंडीत तोडायचं, थंडीत पिळायचं, आणि रस आंबून वाईन होईपर्यंत त्याला थंडीतच ठेवायचं.

तीन वर्षं ही बाग ताईनं फोनवरून वाढवली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. अप्पा फोन उलटा धरायचे. ताई ओरडायची, "अप्पा, मला तुमच्या नाकातले केस दिसून राहिलेत, पान दाखवा, पान!" मग अप्पा पान दाखवायचे, ते शेजारच्या भेंडीचं निघायचं. पण एक सांगते, त्या तीन वर्षांत बापलेक जितकं बोलले तितकं आधीच्या पंधरा वर्षांत बोलले नसतील.

पहिलं पीक धरलं तेव्हा ताई सहा महिन्यांची रजा काढून आली. सरकारी परवाना झाला, पत्र्याची शेड झाली, स्टीलची मोठी टाकी आली. टाकीला गार ठेवायचं एक यंत्र आलं. तोडलेली द्राक्षं ठेवायला एक खोली थर्माकोल लावून, एसी बसवून थंड केली. मग एका संध्याकाळी ताईनं आम्हाला तिघांना बसवलं न् साफ सांगितलं, "हे बघा. वाईन चांगली निघाली तर मी इथंच राहीन. न्हाई निघाली तर रजा संपली की परत जाईन. मग कुणी रडायचं न्हाई, आजारी पडायचं न्हाई, स्थळं आणायची न्हाईत." शेवटचं वाक्य आईकडे बघून. अप्पा म्हणाले, "मंजूर." आवाज असा, जसं काही त्यांचं काही अडलंच नाही. मला ताई इथं हवी होती. आईबापाची जबाबदारी वाटून घ्यायला वगैरे नव्हे हो, भांडायला हवी होती. माझ्याशी बरोबरीनं भांडणारं दुसरं कुणी नाही.

तोडणीच्या दिवशी मी शाळेत रजा टाकून नांदेडहून पहाटेची गाडी धरली. इकडं दिवस उगवायच्या आत द्राक्षं तोडून झाली, पिळून झाली, रस टाकीत गेला. टाकी काठोकाठ. आणि नेमकं तेव्हाच ते गार करायचं यंत्र घर्रर्र करून बंद पडलं. ताईनं एक शिवी दिली, ती इंग्रजीत होती म्हणून आईला कळली नाही, आणि यंत्राचा जळका भाग घेऊन ती तडक लातूरला निघाली. जाताना अप्पांना म्हणाली, "अप्पा, मी येईस्तोवर टाकीकडं लक्ष ठेवा."

मी पोचले तर रस्त्यापासून शेडपर्यंत माणसंच माणसं. मला आधी वाटलं, कुणी गेलं की काय! पण सगळे हसत होते. कुणाच्या हातात तांब्या, कुणाकडे चरवी, कुणाकडे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एका बाईकडे तर कुकर. शाळा सुटल्यासारखी पोरं पळत होती. आणि टाकीच्या नळापाशी, स्टुलावर, धोतराचा सोगा कमरेला खोचून आमचे अप्पा! हसून हसून स्वागत चाललेलं. "या, या, वहिनी. अजून घ्या की! लाजू नका. ए, मामाला मोठा गिलास दे रे."

आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. गुऱ्हाळ लागलं की रस्त्यानं जाणारा माणूस रस प्यायल्याशिवाय पुढं जात नाही. ओळख असो, नसो, वैर का असेना. आलेल्याला रिकाम्या हातानं परत लावलं तर गुळाला रंग येत नाही, बरकत जाते. अप्पांच्या बापाचं गुऱ्हाळ होतं. चुलाण विझून कित्येक वर्षं झाली, पण रीत काही अंगातून जात नाही. सकाळी एक ओळखीचा म्हातारा रस्त्यावरून चालला होता. अप्पांनी हाक मारली, "रस काढलाय, घ्या घोटभर." म्हाताऱ्यानं चौकात जाऊन सांगितलं. झालं!

आणि रस काय होता! आंबट, गोड, थंडगार, पेरूसारखा वास. मीसुद्धा दोन गिलास रिचवले, तिसरा हातात होता, तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मी टाकीवर बोटानं टकटक करून पाहिलं. वर पोकळ. मधे पोकळ. पार खाली आल्यावर भरीव.

"अप्पा!" मी किंचाळले. "काय करून राहिलात? ताईची वाईन हाय ही!"

अप्पांचा हात नळावर तसाच राहिला. त्यांनी टाकीकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, आणि माझ्या अंगावरच खेकसले, "मग काय दारातून माणसं परत लावू?" पण चेहरा पांढराफटक. तीन वर्षं ज्यांनी पानं मोजल्यासारखी बाग जपली, लेक राहावी म्हणून जीव टाकला, त्यांनीच तिचा रस गावाला पाजला होता. करायला गेलो गणपती न् झाला मारुती, दुसरं काय.

तेवढ्यात ताईची गाडी आली.

ती उतरली ती मोकळ्या हातानं. गर्दी बघून थबकली. मी म्हटलं, आता इथं महाभारत होणार, आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिले. ताई सरळ टाकीकडे गेली, शिडीवर चढली, झाकण उघडलं, आत डोकं घातलं. बराच वेळ डोकं आतच. कुकरवाली बाई हळूच म्हणाली, "माझा परत ओतू का, बाई?"

टाकीतून आवाज आला. मला वाटलं, रडून राहिली. पण ती हसत होती! आधी खूखू, मग खदाखदा. टाकी घुमायला लागली. शिडी हलायला लागली, मी पळत जाऊन धरली.

"यंत्राचा भाग लातुरात न्हाई," ती डोळे पुसत म्हणाली. "पुण्याहून यायला आठ दिवस. भरल्या टाकीचं मी काय करणार होते? दुपारच्या उन्हात एवढा रस आंबायला लागला की तापतो, वास उडून जातो, सगळं मातीत. येताना गाडीत मी परतीचं तिकीट बघत होते, अप्पा." मग तिनं बोट खाली केलं. "पण एवढाच असेल तर त्या थंड खोलीत मावतो."

"कशात ठेवायचा पण?" मी विचारलं.

"दुधाचे कॅन. स्टीलचे पाहिजेत. ॲल्युमिनियमचा एकही नको, आंबट खाऊन टाकतं त्याला."

हे ऐकायचा अवकाश. आमच्या गावात घरटी म्हैस आहे. जो तो रस प्यायलेला, आता ओशाळलेला. मोटरसायकली सुटल्या. घटकाभरात शेडसमोर कॅनची रांग लागली, आणि बायका उकळत्या पाण्यानं ते असे घासायला बसल्या, जशी एखाद्या लग्नाचीच भांडी. दुपारच्या आत सगळा रस कॅनमध्ये, कॅन थंड खोलीत. प्रत्येक झाकणातून सलाईनची नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, म्हणजे आतली हवा बाहेर येईल, बाहेरची आत जाणार नाही. दोन दिवसांनी बाटल्या गुडगुडायला लागल्या.

पुढचे काही आठवडे मी दर रविवारी नांदेडहून यायचे, आणि आमच्याकडे नुसती जत्रा. ज्याचा कॅन तो येऊन दाराला कान लावायचा. "आमचा बोलून राहिलाय का?" "तुमचाच लई बडबड्या हाय." एकजण तर रुसला, त्याचा कॅन शेजाऱ्याच्यापेक्षा हळू गुडगुडत होता. आईनं दारात खुर्ची टाकली होती. खोलीत बाळंतीण असल्यासारखी ती सगळ्यांना हाकलायची, "दार लावा! गार हवा जाते! बघायला बारशाला या!" जन्मात दारूच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावणारी ही बाई. मी ते बघून इतकी हसले की माझी पाठ धरली.

अप्पा मात्र दाराला कान लावायला कधी आले नाहीत. बागेत छाटणी करत बसायचे. जेवताना ताईकडं बघायचे नाहीत. मी एकदा चिडवलं, "काय अप्पा, रसाच्या धंद्यात मंदी का?" तर ताटावरून उठले. तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं.

मग तो दिवस आला. उन्हाळा लागला होता. गुडगुड केव्हाच थांबली होती, गाळ खाली बसला होता. ताईनं एका कॅनमधून थोडी वाईन गिलासात काढली. फिकट, उन्हात धरली तर नुसती लखलख. आम्ही तिघं तिच्यासमोर उभे, निकालाला उभे राहिल्यासारखे. तिनं वास घेतला. डोळे मिटले. घोट घेतला, तोंडात घोळवला, गाल फुगवले, कसलेकसले आवाज काढले.

आणि पचकन बादलीत थुंकली.

अप्पा वळले न् बाहेर गेले. मी मागं पळाले. ते कडुनिंबाखाली मातीतच बसले होते. "थुंकली बघ," ते म्हणाले. "भरला होता तितका रस टाकीत असता तर... त्या दिवशी ती हसली ती नुसती माझं मन राखायला. माझ्यामुळं झालं. माझ्या हातानं मी तिला लावून दिली परत." मी अप्पांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मीही त्यांच्याशेजारी बसले.

ताई गिलास घेऊन धावत आली. "काय झालं? दोघं असे का बसलात?"

"थुंकलीस ना तू," मी रागानं म्हटलं.

तिनं कपाळावर हात मारला. "अगं येडे, थुंकतातच! चाखणाऱ्यानं गिळायची नसते. तिकडं सगळे थुंकतात. दिवसभर चाखायचं म्हटल्यावर गिळून कसं चालंल?"

अप्पांनी मान वर केली. "मंग... चांगली हाय?"

"लई चांगली हाय, अप्पा. मी तिकडं इतक्या वर्षांत काढली तिच्यापेक्षा चांगली." तिनं गिलास अप्पांच्या नाकापाशी धरला. "थोडी होती म्हणून थंड राहिली. सावकाश झाली. पेरूचा वास जसाच्या तसा."

मग ताई अप्पांच्या समोर उकिडवी बसली न् म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन टाक्या लागतील. एक वाईनला, एक गावाला."

मी तिथंच भोकाड पसरलं. आई दारातून ओरडली, काय झालं म्हणून.

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. थोडा वेळ मनाशी काहीतरी हिशेब केला. मग मास्तरांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "गावाला एक पुरायची न्हाई."