रुचाच्या गाण्यातली दीड मिनिटं

मुलुंडहून निघून कांदिवली, माहुल, भांडुप आणि संध्याकाळी परत मुलुंड. "याला काय प्रवास म्हणतात?" असं आईने विचारलंच. पाण्याची बाटली घेतली, टोपी घेतली, म्हणजे झाला प्रवास, असं सांगून मी शनिवारी सकाळी बाहेर पडले.

निमित्त रुचाचं. रुचा माझी मावसबहीण, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. ती कॉम्प्युटरवर संगीत वाजवते, तेही सगळ्यांच्या देखत. मोठ्या पडद्यावर कोऱ्या पानापासून कोड लिहीत जायचा, ओळ बदलली की आवाज बदलतो, आणि शेवटी सगळं पुसून टाकायचं. पुसणं हा असं वाजवणाऱ्यांचा रिवाजच. गेल्या वर्षी भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा असं वाजवायला बसली आणि मध्येच सगळं गप्प झालं. थोड्या वेळाने आवाज परत आला, पण आपलाच कोड चुकला असं तिने मनाला लावून घेतलं आणि वाजवणंच सोडलं. आता पुन्हा एक बोलावणं आलंय. सोमवारपर्यंत कळवायचंय, आणि ती नाही म्हणणार आहे.

मला तर ती शांतता गाण्यातलीच वाटली होती. रेकॉर्डर आधीच लावून तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसले होते मी. पण घरच्यांचं कौतुक कोण मनावर घेतं? म्हटलं, तिथे असलेल्या बाहेरच्या माणसांनाच गाठू.

चेकनाक्यावरून बोरिवलीची एसी बस पकडा आणि डावीकडची खिडकी घ्या. घोडबंदर रोडला एका बाजूला जंगल लागतं, आणि सकाळच्या उन्हात ते इतकं हिरवं दिसतं की आपण कुठल्या कामाला निघालोय तेच विसरायला होतं. बोरिवलीहून रिक्षाने कांदिवली. तिथे देसाई सर क्लास घेतात. रुचा कोड लिहायला त्यांच्याकडेच शिकली. चहा-खारी पुढे आली आणि मी विषय काढला.

"चूक? छे गं. चूक झाली असती तर पडद्यावर खाली लाल ओळ आली असती. माझी नजर हलली नाही. सगळं नीट चाललं होतं."

"मग आवाज का गेला, सर?"

"गेला होता का?" सर खरोखर चकित झाले. "मी वाचत होतो ना."

दहाणूकरवाडीहून मेट्रो घेतली. एकदा डी. एन. नगरला बदलायची, मग सरळ घाटकोपर. मेट्रो गच्चीच्या उंचीवरून जाते, त्यामुळे दुपारी सगळी उपनगरं वाळत घातल्यासारखी दिसतात: चादरी, पापड, एका गच्चीवर खुर्चीत झोपलेले आजोबा. लाल ओळ नाही आणि आवाजही नाही, हे मनात घोळवता घोळवता माझाही डोळा लागला.

घाटकोपरहून रिक्षाने माहुल. तेलाच्या मोठमोठ्या टाक्या मागे टाकल्या की कोळीवाडा लागतो. इथल्या हिरामावशींच्या होडीच्या इंजिनाचा आवाज रुचाने गाण्यात वापरला होता, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मावशींनी आधी गरम बोंबील आणि भाकरी वाढली. हॉटेल शोधत बसू नका, ओळख काढा.

"बंद झाला ना, तवाच तं बरा वाटला," मावशी म्हणाल्या. "जाल्याजवल इंजिन बंद केला का पानी आयकू येतं. तसाच पानी वाजला."

"मावशी, तिने पाणी घातलंच नव्हतं."

"मी आयकला ना."

खाडीवरून वारा येत होता आणि क्षणभर मलाही ते पटलं.

शेवटचा मुक्काम भांडुप. लग्नाला, गणपतीला स्पीकर भाड्याने देणारे परबकाका त्या दिवशी हॉलमध्ये साउंडवर होते. कोकम सरबताचा ग्लास माझ्या हातात देऊन त्यांनी मला नीट निरखलं.

"अगो, वायर तूच काढलंस मा? लॅपटॉपची. रेकॉर्डिंग करूक त्या इवल्याश्या डबीत घातलंस. माका वाटला, तिनाच तुका सांगल्यान. दीड मिनिट वाट बघलंय, मगे मीच डबी बंद केलंय आणि वायर परत लावलंय."

रेकॉर्डर मी कार्यक्रमाआधीच लावला होता, असं वर्षभर छातीठोकपणे सांगत आलेय. तशी शपथही घेतली असती. वायर काढून मी जागेवर गेले असणार, डोळे मिटले असणार, आणि माझ्याच करणीने झालेल्या शांततेला मनातल्या मनात दाद दिली असणार. मला स्वतःची लाज वाटली.

घरी आल्यावर रेकॉर्डर शोधून काढला. त्यात जेमतेम दीड मिनिटाची फाईल होती. बिघडली असेल म्हणून मी ती कधी ऐकलीच नव्हती. तशीच वर गेले, रुचाला सगळं सांगितलं आणि डबी तिच्यासमोर ठेवली.

"वर्षभर, ताई," ती एवढंच म्हणाली. तिने कधी आवाज चढवला नव्हता, आजही नाही. तेच जास्त लागलं.

मग तिने बटण दाबलं. हॉल गप्प झाला होता तेव्हा कोड चालूच होता, आणि तो सगळा आवाज या डबीत येऊन पडला होता. होडीचं इंजिन टुकटुकत होतं, त्याखाली हळूहळू एक सूर चढत गेला आणि इंजिन त्यात विरून गेलं. तिथल्या कुणीही न ऐकलेली दीड मिनिटं आम्ही दोघींनी पलंगावर बसून ऐकली. रुचाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तर आधीच आलं होतं.

ती म्हणाली, "चांगलं होतं गं हे." आणि फाईल पुसून टाकली.

"अगं, काय केलंस?"

"पुसायचंच असतं. सोमवारी हो कळवते. तू ये, पण वायरींना हात लावायचा नाही."

आता ती दीड मिनिटं फक्त आम्हा दोघींच्या आठवणीत आहेत. मला विचाराल तर शेवटी शेवटी त्यात पाणी वाजत होतं. रुचा म्हणते, नव्हतं.