शेवटच्या पत्त्यापुढचं शून्य

कागलजवळच्या आमच्या मळ्यात एकच विहीर, आणि तिचं पाणी वडील आणि काका यांच्यात वाटलेलं. काकांची पाळी सकाळी सहा ते दहा, आमची दहा ते दोन. दहाचा ठोका नेमका कुणाचा, यावरून आजवर वाद झालेला नाही. आमच्या घरात भांडायला फारसं कारण लागत नाही, हे लक्षात घेतलं तर ही मोठीच गोष्ट आहे. एकाचं जिथं संपतं तिथंच दुसऱ्याचं सुरू होतं.

उद्यमनगरातल्या आमच्या चार माणसांच्या कंपनीत मी हेच गणित प्रोग्रॅममध्ये घुसवलं. आम्ही चांदी वितळवायच्या छोट्या विजेच्या भट्ट्यांचे कंट्रोलर बनवतो. कंट्रोलरमध्ये नवा प्रोग्रॅम घालताना जुनं सगळं पुसावं लागतं, पण काही भाग सांभाळायचे असतात. मेमरी म्हणजे आकडे टाकलेल्या खणांची लांबलचक रांग, आणि आकडा म्हणजे त्या खणाचा पत्ता. अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत हात लावायचा नाही, असे पट्टे आधी सांगून ठेवायचे. दोन पट्टे एकमेकांना चिकटले किंवा एकमेकांत घुसले की त्यांचा एक करायचा. हे जोडकाम माझ्याकडं होतं. मी प्रत्येक पट्टा पाण्याच्या पाळीसारखा मांडला: सुरुवातीचा पत्ता आत, शेवटचा बाहेर. एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात हा एकच आकडा निघाला की बिनबोभाट जोडून टाका.

कंपनीचे मालक असलेल्या आमच्या सरांना ते पटेना. "अगं, शेवटचा पत्ता बाहेर कसा? शेवटचा म्हंजे शेवटचा की!" चहाचे दोन कप गार होईपर्यंत आम्ही भांडलो आणि मी जिंकले. माझं म्हणणं बरोबर होतंच, शिवाय माझा आवाजही मोठा होता.

हा नवा प्रोग्रॅम सगळ्यात आधी हुपरीच्या एका मावशींच्या भट्टीत जाणार होता. घरातच त्यांचा पैंजणांचा कारखाना. त्यांचे यजमान वर्षानुवर्षं भट्टीची आच गोल बटण फिरवून हातानं कमीजास्त करत आले होते, आणि आमच्या कंट्रोलरनं त्यांचा तो हात टिपून ठेवला होता: कुठं चढवायची, कुठं थांबायचं, सगळं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आता मावशी भट्टी चालवत होत्या ती त्या साठवलेल्या हातावर. पण लाईट जराशी लुकलुकली तरी जुना प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि चांदीची वाट लागायची. नव्या प्रोग्रॅमनं ते थांबणार होतं. गोची एवढीच, की साठवलेलं बाहेर काढून ठेवायची सोय जुन्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. पुसलं की गेलं.

"लाईटीचं काय बी होऊ दे पोरी," मावशी फोनवर म्हणाल्या, "पर ह्यांचं पुसलं, तर मला परत कोण शिकवणार?"

"न्हाय पुसत, मावशी," मी ठणकावून सांगितलं. दुपारच्या एसटीनं जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या भट्टीतल्यासारख्याच एका बोर्डावर मी त्या साठवलेल्या हातासारखी एक खोटी नोंद भरली आणि नवा प्रोग्रॅम चढवला. बाकी सगळं जागच्या जागी, आणि तेवढी नोंद मात्र साफ! परत केलं, परत साफ. सरांनी "मी म्हनलं हुतं" म्हणायला तोंड उघडलं, पण माझा चेहरा बघून मिटलं. शहाणा माणूस.

नोंद कुठं ठेवली होती ते बघितलं. मेमरीच्या अगदी टोकाला, शेवटच्या खणापर्यंत. माझ्या पद्धतीनं तिचा शेवट म्हणजे शेवटच्या खणाच्या पुढचा पत्ता. पण पुढं पत्ताच नाही! जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर सगळे नऊ भरले की शून्यावर येतं, तसा तो आकडा फिरून शून्य झाला होता. पट्टा 'इतक्यापासून शून्यापर्यंत', म्हणजे सुरू व्हायच्या आधीच संपलेला. माझ्या प्रोग्रॅमनं तो रिकामा समजून टाकून दिला होता.

आणि मी ओरडले. खरंच ओरडले, खालच्या लेथवरचा माणूस वर बघायला आला. कारण आमची रात्रीची पाळी डोळ्यांपुढं आली! ती आठ ते बारा, आणि मोबाईलच्या घड्याळात रात्रीचे बारा म्हणजे शून्य. पण घरात ती पाळी अशी कुणी सांगतच नाही. "आठपास्नं चार तास," एवढंच सांगतात. शेवटाचं नावच काढायचं नाही! सुरुवात आणि लांबी, बास. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या सुरुवातीपासून किती लांब आहे ते बघायचं. ते अंतर आधीच्या पट्ट्याच्या लांबीएवढं किंवा कमी असलं तर जोडायचं. शून्य आडवं येतंच कुठं?

"आनि सगळी मेमरीच एक पट्टा असली तर?" सरांनी खोच काढली. "लांबीचंच शून्य हुईल की."

"मग पुसायला उरलंच काय, सर?"

ते हसले. मी बदल करून चाचणी घेतली. नोंद जशीच्या तशी! आनंदानं मी तो बोर्ड छातीशी धरला आणि तसाच पिशवीत घालून स्टँड गाठला.

हुपरीत मावशींनी आधी पाणी दिलं आणि मग भट्टी दाखवली. यजमान दाराशी खुर्चीत बसले होते, नजर जमिनीवर. मी नवा प्रोग्रॅम चढवला. स्क्रीन उजळला, नोंद दिसली, मावशींनी चांदी भरलेली मूस भट्टीत ठेवली आणि बटण दाबलं. आच चढायला लागली. मला नाचावंसं वाटत होतं.

आकडा चांगलाच वर गेला होता. तेवढ्यात यजमानांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेतच, काहीतरी हलकेच फिरवल्यासारखा, वळला. दुसऱ्या क्षणाला स्क्रीनवरची आच तेवढीच उतरली. थोड्या वेळानं हात पुन्हा उलटा वळला, आणि आच पुन्हा चढली. खुर्चीतून त्यांना स्क्रीन दिसत नव्हता.

"आगं बया," मावशी पुटपुटल्या. "ह्यांस्नी सगळं ठावं हाय की अजून."

भट्टीकडं त्यांनी परत बघितलंच नाही. त्या दाराशी गेल्या, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि यजमानांना ओढत ओढत भट्टीजवळ आणून बसवलं.