परत आलेली मेल आणि पोचलेली शिवी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चाकणजवळ कुरुळीत खानावळ चालवते मी... भूत आलं तरी आधी विचारीन, भाकरी की चपाती?

कंपन्यांच्या डब्यांच्या ऑर्डरी मेलवर येतात, म्हणून साठीनंतर एका बोटानं टाइप करायला शिकले. गेल्या उन्हाळ्यात रोज ढीगभर मेल परत यायला लागल्या — पोचली नाही, पोचली नाही. अहो, पण मी पाठवल्याच नव्हत्या!

सून म्हणाली, "आई, कुणीतरी पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा पत्ता घालतंय. न पोचलेलं सगळं तुमच्या दारात येतं."

"माझं नाव कशाला? स्वतःच्या आईचं घाला की!"

त्यातली एक उघडली आणि अंगाची लाहीलाही झाली. नांदेडकडच्या कुणा रेखाला लिहिलेलं — 'चाकणला नोकरी पक्की. आधी कळवल्याप्रमाणे उद्या एकट्याच या. मुलाखत त्याच रूमवर होईल.' खाली माझ्या खानावळीचं नाव!

मी लगेच लिहिलं, 'तिकडे जाऊ नकोस.' ती मेलही परत. म्हणे, तिच्या मेलमध्ये जागाच नाही. फोन नंबर कुठे नाही. मग मात्र माझा तोल गेला. तिकडे आमटी उतू चाललेली, आणि मी स्क्रीनवर ओरडतेय — "अगं पोरी, गाडीतून उतरलीस की सरळ कुरुळीत माझ्या खानावळीत ये! मुडदा बसवला त्या चोरट्यांचा! आणि जेवलीस का गं?"

सून म्हणाली, "आई, कॉम्प्युटरला कान नसतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसलेली, आणि दारात बॅग घेऊन एक मुलगी.

"मावशी, मी रेखा. तुमची मेल वाचली, म्हणून रूमवर गेले नाही."

तिनं मोबाइल पुढे केला. माझाच पत्ता. अक्षर न् अक्षर माझं... मुडद्यासकट! आमच्या कॉम्प्युटरवर पाठवलेल्या मेल शोधल्या, त्यात ही नाहीच.

"तू पाठवलीस?" मी सुनेला दरडावलं.

"देवाशपथ नाही, आई. पाठवली असती तर शिवी गाळली असती."

रेखाला पोटभर जेवू घातलं, संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. भोसरीच्या कॉम्प्युटरवाल्यानंही सगळं तपासून हात टेकले.

ती मेल कुणी पाठवली, मला आजही माहीत नाही. चोरटे अजून मोकळेच आहेत, परत येणाऱ्या मेल थांबलेल्या नाहीत. मी रोज त्याच स्क्रीनसमोर बसून, आवाज चढवून, त्यांना मनसोक्त शिव्या घालते. पोरीला पोचलं, तर त्यांना का पोचू नये?