तिखट स्पीकर आणि सिस्टरचे कान

निवृत्त झालो त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा निव्वळ स्वतःच्या हौसेसाठी एक मोठी वस्तू घेतली. स्पीकरची जोडी. कमरेइतकी उंच, सागाच्या रंगाची. नागपूरच्या दुकानात ऐकली तेव्हा वाटलं, आजवर आपण गाणं फडक्यातून गाळून ऐकत होतो. सतारीच्या तारेवर नखी घासते तो आवाजसुद्धा वेगळा कळत होता. भूगोल शिकवण्यात हयात गेलेला माणूस मी, एवढ्यावर भुललो.

पांढरकवड्याला घरी आणून ते लावले आणि तिसऱ्याच दिवशी बायको पेपर घेऊन अंगणात जाऊन बसली.

"काहून उठलीस?"

"टोचते ते."

"काय टोचते?"

"गाणारी बाई 'स' म्हणते ना, तवा. कानात काडी घातल्यावानी होते."

मला तसं काही होत नव्हतं. आवाजात चमक जरा जास्त आहे एवढं जाणवायचं, पण तीच तर मला आवडली होती. मी तिला समजावलं, चांगल्या स्पीकरमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येतं, आपल्या कानांनाच सवय नाही. तिनं पेपरचं पान उलटलं. तीस वर्षं तिनं उपकेंद्रात नर्सची नोकरी केली, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पायी फिरून लसी दिल्या, बाळंतपणं केली. वाद घालण्यापेक्षा आपलं काम करणं तिला जास्त जमतं. त्या दिवसापासून मी गाणं लावलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. दोन माणसांच्या घरात एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं उठून जायचं, हे महिनाभरात मला खुपायला लागलं.

मग मी मोबाईलवर शोधाशोध केली. असे तिखट आवाजाचे स्पीकर मवाळ स्वभावाच्या अँप्लिफायरला जोडले की नरमतात, असं बरेच जण लिहीत होते. माझ्याकडचा अँप्लिफायर पंज्याएवढा होता, ऑनलाइन मागवलेला. म्हणजे दोष त्याच्यातही असू शकत होता. पण मवाळ कोणता, ते प्रत्येक जण वेगळंच सांगायचा. शेवटी मी हायवेवर गेलो.

जिथं हैदराबादकडे जाणारे ट्रक थांबतात, त्या रांगेत एका मिस्त्रीचं दुकान आहे. साठीच्या घरातला, जवळच्या तांड्यावरचा बंजारा माणूस. ट्रकमधले टेप होते तेव्हापासून तो ते दुरुस्त करतो, शिवाय भजनी मंडळांचे आणि लग्नमंडपांचे अँप्लिफायर. मी माझं सगळं पुराण त्याला सांगितलं, इंटरनेटवरून उचललेल्या चार शब्दांसकट. तो खाली मान घालून एका वायरीला डाग देत होता. माझं झाल्यावर त्यानं सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली.

"सर, टोचते कोणाले? तुमाले का सिस्टरले?"

माझ्या बायकोला सगळा तालुका सिस्टर म्हणतो.

"तिला."

"मंग तुमी एकटेच काहून आले? त्यायले आणाचं होतं." मग तो म्हणाला, "अन् एक गोष्ट आताच सांगून देतो. मले तो 'स' ऐकूच येत नाही."

मला वाटलं गंमत करतोय.

"खरं सांगून राह्यलो. ट्रकचे हॉर्न टेस्ट करू करू वरचे सूर गेले. डाव्या कानातले तं पार गेले. खरखर असन तं सांगतो, घूं असन तं सांगतो, आवाज फाटला तं सांगतो. टोचते का नाही, हे मी नाही सांगू शकत. माह्या भरवशावर घेऊन जासान तं फसान."

ज्याचं पोट कानावर, तो आपला कान अर्धा गेलाय हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगत होता. कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं नसतं तर मला आयुष्यभर कळलं नसतं. वर्गात एखाद्या पोरानं अडचणीचा प्रश्न विचारला की मी किती वेळा घसा खाकरून विषय बदलला होता, ते त्या क्षणी आठवलं.

"मंग कसं करायचं?" मी विचारलं.

"रविवारी सकाळी तीन अँप्लिफायर घेऊन घरी येतो. निवडतीन सिस्टर. आपण दोघं फक्त वायरी जोडू."

रविवारी तो ऑटोतून आला. एक नवा कोरा, निळ्या दिव्यांचा. दुसरा जुना आणि वजनदार, लाकडी पेटीतला, बंद पडलेल्या एका लॉजमधून त्याच्याकडे आलेला. तिसरा साध्या पत्र्याच्या डब्यातला, त्यानं स्वतःच्या हातांनी बनवलेला. तो त्यानं दोन्ही हातांत धरून, जपून आत आणला, त्यावरूनच त्याचा जीव कशात आहे ते कळत होतं.

बायको हात पुसत बाहेर आली. "भाऊ, मले यातलं काही कळत नाही हो."

"तेच पाह्यजे, सिस्टर. तुमी काही तरी बोला. मी मोबाईलमंदी भरतो."

"काय बोलू?"

"पोडावर लोकायले काय सांगत होत्या? तेच सांगा."

ती क्षणभर लाजली, मग पदर नीट केला आणि एकदम तिचा नोकरीतला आवाज लागला. "सोमवारी सकाळी सात वाजता सगळ्यांनी शाळेत यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या सगळ्या बाळांना सुई द्यायची आहे. ताप आला तर घाबरायचं नाही."

"बस!" मिस्त्री खूश झाला. "याच्यात 'स'च 'स' हाय. गाणारीचा खरा आवाज आपल्याले कुठं माहीत हाय? तुमचा आवाज तं घरातलाच."

मग त्यानं तिला स्पीकरसमोर बसवलं आणि तिन्ही अँप्लिफायरांवर चादर टाकली, म्हणजे कोणता चालू आहे ते तिला दिसू नये. प्रत्येकाचा आवाज मोबाईलवर मोजून सारखा केला. हे कशाला, मी विचारलं. "मोठा आवाज कोणालेही चांगलाच वाटते, सर. दुकानदारी त्याच्यावरच चालते."

पहिला लागला. तिच्या कपाळावर आठी आली. "टोचते." तो निळ्या दिव्यांचा होता, तिन्हींत सगळ्यात महाग.

दुसरा लागला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. पोटुशा बाईच्या पोटावर छोटा कर्णा टेकवून, त्याला कान लावून ती बाळाचे ठोके ऐकायची, तेव्हा अशीच दिसायची. एकदा सामान पोचवायला मी तिच्या उपकेंद्रात गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं, बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता आणि ही शांतपणे ठोके मोजत होती. अशा बाईला मी म्हणालो होतो, तुझ्या कानांना सवय नाही.

"हा बरा हाय," ती म्हणाली. "थोडं टोचते अजून, पण काडी नाही घालत कानात."

तिसरा लागला. मला तर दुसऱ्यात आणि तिसऱ्यात काडीचाही फरक कळला नाही. ती मात्र हसली. "हा आवाज माझाच, पण सर्दी झालेला."

तो मिस्त्रीच्या हातचा होता. मी खोकलो, तिला खूण करून पाहिली, पण तिचे डोळे मिटलेलेच. मिस्त्रीनं तोंड वाकडं केलं नाही. क्रम बदलून त्यानं तिन्ही पुन्हा ऐकवले, आणि पुन्हा तिनं तेच सांगितलं, सर्दीसकट. तेव्हा त्यानं खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी खरडलं.

"सिस्टर, सर्दी म्हणजे नाक बंद झाल्यावानी, का लांबून बोलल्यावानी?"

"नाक बंद."

"बरं झालं सांगितलं. दोन वर्षांपासून लोक म्हणून राह्यले, काही तरी कमी हाय. काय कमी हाय, ते कोणी सांगतच नव्हतं."

मग त्यानं चादर काढली आणि लाकडी पेटीवर थाप मारली. "हाच ठेवा. पण सर, एक ध्यानात घ्या. अँप्लिफायर बदलला म्हणून स्पीकरचा स्वभाव पुरा जात नाही. जे थोडं राह्यलं, ते ह्या खोलीचं हाय. खाली फरशी, समोर काचेचं कपाट, आवाज जाईन कुठं?" त्यानं स्पीकरची तोंडं बायकोच्या खुर्चीवरून थोडी बाजूला वळवली. काचेच्या कपाटावर गोधडी टाकून पाहू, हे बायकोनंच सुचवलं. टाकली, आणि तिचाच आवाज पुन्हा लावला. "सोमवारी सकाळी सात वाजता..." आता ती आमच्या घरात उभी राहून बोलत असल्यासारखी वाटली. एवढा फरक मलाही कळला.

मी आधीच सांगितलं होतं, म्हणून चहा पिताना तिनं त्याच्या कानांबद्दल विचारलं. केव्हापासून ऐकू येत नाही, घंटी वाजल्यासारखं होतं का, कोणा डॉक्टरला दाखवलं का. दाखवलं नव्हतं. मंगळवारी ती स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेली. गेलेलं ऐकणं परत येणार नव्हतं, पण उरलेलं जपता येईल असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून हॉर्न तपासताना तो कानांवर आवाज अडवणारे जाड मफ लावतो, उन्हाळ्यातही.

आता बाजारच्या दिवशी भाजी घेऊन ती त्याच्या दुकानापाशी थांबते. तो तिला स्टुलावर बसवतो आणि तयार झालेला एखादा सेट ऐकवतो. मागच्या आठवड्यात मीही सोबत होतो. एक ड्रायव्हर घाईत होता, त्याला सेट तसाच हवा होता.

"दहा मिनिटं थांबा," मिस्त्री त्याला म्हणाला. "आमच्या सिस्टरनं अजून पास नाही केला."

ड्रायव्हर माझ्याकडे पाहायला लागला. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याला म्हणालो, "थांबा. फायद्यातच राहाल."