साइट-नऊचं खरं नाव

मी चौदा नावं डिलीट केली. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या हुशारीने केली आणि वर बॉसला ईमेल टाकली, ‘डेटा क्लीन केला.’

मी जीआयएसवाला, म्हणजे कम्प्युटरवर नकाशे करणारा. प्रत्येक नकाशामागे एक तक्ता असतो. नकाशावरच्या एकेका ठिपक्याची माहिती त्याच्या रकान्यांत भरलेली असते. इकडे परदेशात, बॉथेल गावातली आमची छोटी फर्म ओढे दुरुस्त करते. कधीकाळी सरळसोट केलेल्या पात्रात मोठाले ओंडके आडवे टाकायचे, की डोह तयार होतात. सॅमन माशांची पिल्लं समुद्रात जाण्याआधी अशा डोहांत वाढतात. त्यांना पाणी थंडच लागतं.

या ओढ्याकाठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जमातीच्या डोरीनबाईंनी आम्हाला चौदा जागांची यादी दिली होती. बाई सत्तरी ओलांडलेल्या. लहानपणी आजीबरोबर मासे धरायला जाताना ऐकलेली ही नावं. त्यांच्या भाषेची अक्षरं वेगळी, ती माझ्या सॉफ्टवेअरला येईनात. रकानाभर नुसते चौकोन. चौकोनांच्या पुढे इंग्रजीत अर्थ होता, पण तो वाचायला सवड कुणाला? मी अख्खा रकाना उडवला आणि साइट-एक ते साइट-चौदा असे नंबर दिले. तक्ता काय देखणा दिसायला लागला!

मग ओंडके टाकणाऱ्या एक्स्कॅव्हेटरसाठी तात्पुरता रस्ता आखायचा होता. विमानातून मोजलेल्या उंचीच्या डेटावर साइट-नऊशेजारचा काठ कोरडा ठणठणीत दिसला. मी तिथून रेघ ओढली. कॉन्ट्रॅक्टरने खडी पसरून रोलर फिरवला.

दोन आठवड्यांनी कडक ऊन पडलं. साइट-नऊच्या डोहातला थर्मामीटर चढायला लागला. माझा बॉस गॅरी म्हणाला, “सेन्सर बिघडला असेल. जाऊन बघ.”

सेन्सर ठीक होता. डोहात बोटभर लांबीची पिल्लं पोट वर करून तरंगत होती. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

गॅरीने डोरीनबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, काठावर बसल्या, बूट-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडला.

“कोमट आहे,” त्या म्हणाल्या. “या जागेचं नाव काय लिहिलंय तुम्ही?”

“साइट-नाइन,” मी म्हणालो.

त्यांनी त्यांच्या भाषेत एक नाव उच्चारलं. मग अर्थ सांगितला, “भर उन्हाळ्यात जिथे पाय बधिर होतात ती जागा. या काठाखालून झरा येतो. वरून दिसत नाही.” आणि माझ्या खडीकडे बोट केलं. “तो तिथून येतो. यायचा.”

गॅरी माझ्याकडे वळला. “हे आपल्या फाइलमध्ये होतं?”

“होतं.”

“मग कुठे गेलं?”

“मी क्लीन केलं.”

गॅरी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला.

वातावरण हलकं करावं म्हणून मी डोरीनबाईंना सांगायला लागलो, की साताऱ्याकडे आमच्या एका रानाचं नाव उमाळा आहे. तिथे खालून पाणी उमळतं. त्यामुळे विहीर खणताना निघालेला मुरूम आमच्याकडे कुणी त्या रानात टाकत नाही. नावातच सगळं कळतं, बघा.

“म्हणजे तुला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

खडी त्याच दिवशी उचलायला घेतली. पण पाण्यात मशिन घालायची परवानगी उन्हाळ्यातल्या थोड्याच दिवसांपुरती असते. ते दिवस रस्ता काढण्यात गेले आणि खालच्या अर्ध्या ओढ्यात त्या वर्षी एकही ओंडका पडला नाही. दाबलेली माती मोकळी केली, तरी झरा लगेच आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात डोरीनबाईंनी पुन्हा पाय घातला. “गार आहे,” त्या म्हणाल्या. बधिर झाला का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. डोहात पिल्लं होती. पूर्वीइतकी नव्हती.

तेव्हापासून कुठलाही रकाना उडवण्याआधी मी तो वाचतो. वीस वर्षांच्या नोकरीनंतर हे शिकलो, असं सांगताना लाज वाटते.

मूळ यादीवरून चौदाही नावं पुन्हा भरली. योग्य फॉण्ट टाकायला अकरा मिनिटं लागली. प्रिंट घेऊन मी डोरीनबाईंकडे गेलो. कम्प्युटरवर नावांऐवजी चौकोन दिसत होते म्हणून उडवली, असं सांगितलं. त्यांनी एकेक नाव माझ्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं. दोनदा, काही तीनदा. शेवटी मी कबुली दिल्यासारखं म्हणालो, “खरं तर चूक माझ्या कम्प्युटरची नव्हतीच.”

“नव्हतीच,” चष्मा काढत त्या म्हणाल्या. “त्याला वाचता येत नव्हतं, तर त्याने बिचाऱ्याने चौकोन तरी दाखवले. तू काय दाखवलंस?”