घरात न आलेलं अंडं

वेल्डिंगच्या दुकानात भंगार कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, तरी कोपऱ्यात ढीग होतोच. किश्शांचंही तसंच. लोणखेड्यातल्या माझ्या दुकानासमोर एक बाकडं आहे. संध्याकाळी त्यावर तिघं बसतो. मी दगाभाऊ, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले भटू अण्णा, आणि मोलगीकडच्या आश्रमशाळेत सगळी नोकरी काढून घरी परतलेले रतिलाल सर. तीन डोकी आणि एक खुराडं. खुराडं अजून पुरं झालेलं नाही, किस्से मात्र झाले!

*

सर नोकरीभर डोंगरात. कांता वहिनी इथे एकट्या, सासू-सासरे, शेत, पोरं सगळं त्यांच्या गळ्यात. सर शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे परत.

निरोपाच्या दिवशी शाळेनं शाल-नारळ दिला. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दिला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या, पाय बांधून. म्हणाले, "सर, खाऊ नका. पाळा. आमची आठवण राहील." सरांनी शब्द दिला आणि ते तिन्ही पाहुणे मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले.

आता सरांचं घर तापीकाठच्या गुजरांचं, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. वहिनी दारातच उभ्या. "हाई काय लई उनात?"

सरांच्या आधी कोंबडाच आरवला!

वहिनींनी तिथंच कायदा केला. "मागला आंगणमा ऱ्हाऊ द्या. पण ज्या दिन अंडं मन्हा घरमा येई, त्या दिन कोंबड्या जातीन!"

जातील कुठे? आमच्या गल्लीत कोणाला दिल्या तर रविवारचा रस्सा ठरलेला. म्हणजे सरांचा शब्दही गेला आणि कोंबड्यांचा जीवही. तेव्हापासून सरांना एकच घोर लागला.

*

खुराड्याचा प्लॅन सरांच्या भाच्यानं मोबाईलवर पाठवला. परदेशातला कुठला तरी. काय सुबक चित्र! काचेची खिडकी, चढायला फळी, आणि छप्पर इतकं उतरतं की मांजर घसरावं.

मी म्हटलं, "अण्णा, एवढा उतार कशाला?"

अण्णांनी चष्मा वर केला. "बर्फाचा लोड. प्लॅनमा शे."

"अहो, लोणखेड्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे!"

"दगा, आमच्या खात्यात प्लॅनमधली एक रेघ हलवायची तरी वरून सही लागायची."

सही कोण देणार? मग बर्फाचं छप्पर झालं. तेही पत्र्याचं, कारण माझ्याकडे पत्रा पडून होता. मे महिना आला. दुपारी कोंबड्या आत जाईनात, बाहेर चोची उघड्या टाकून उभ्या. मी पत्र्याला हात लावला आणि तोंडातून जे निघालं ते इथं सांगत नाही. भाकरी शेकली असती! मग वर कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरल्या, काच काढून जाळी बसवली, अण्णांची बर्फाची रेघ तेवढी राहिली.

*

त्या प्लॅनमध्ये अंड्यांचा खण घराच्या बाजूला उघडत होता. मालकिणीला स्वयंपाकघरातून हात घालून अंडी घेता यावीत म्हणून! सरांनी ते चित्र वहिनींना दाखवायच्या आत मी कागद ओढून घेतला.

खण फिरवला. झाकण थेट मागच्या गल्लीत उघडेल असं केलं. समोरच्या खोल्यांत कॉलेजची पोरं राहतात, त्यांना सांगून टाकलं, सकाळी काढून न्या रे. पोरं खूश. अशी कोंबडी तुम्ही कुठे पाहिलीय? खाते सरांचं, घालते परक्याला! सरांनी आपल्या कोंबडीचं अंडं एकदाही पाहिलं नाही.

सगळं सुरळीत. एके सकाळी पोरांनी भुर्जी केली, आणि वारा नेमका वहिनींच्या खिडकीकडे.

वहिनी थेट दुकानावर! "वास उना मन्हा घरमा. आते बोला!"

सरांचा चेहरा उतरला. अण्णा आभाळाकडे बघायला लागले. मग सर हळूच म्हणाले, "वास म्हणजे काही अंडं नव्हे. अंडं डोळ्यांना दिसलं पाहिजे."

वहिनींनी जरा विचार केला. "बरं. डोयाले दिसाले पाहिजे. ध्यानमा ठेवसू," म्हणाल्या आणि गेल्या. सरांनी माझ्या माठातलं पाणी प्यायलं, वर अण्णांचा चहाही.

*

एवढं करून कोंबड्या खुराड्यात झोपतच नव्हत्या. दिवस मावळला की शेवग्यावर! सर खाली उभं राहून त्यांना हाका मारायचे, आश्रमशाळेत संध्याकाळची हजेरी घ्यायचे तशा. आणि मराठीत नाही हं, अहिराणीतही नाही. डोंगरातल्या बोलीत. इतक्या वर्षांत पोरांकडून शिकलेली. त्या बोलीत सर वेगळेच वाटायचे, मोकळे, हसणारे. कोंबड्याही ऐकायच्या. एकेक करून उतरायच्या.

एकदा मी कडी दुरुस्त करत होतो. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. सर झाडाखाली बोलतायत, बोलतायत. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "दगाभाऊ, इतलं तं मन्हासंगे बी कधी बोलनात नहीत."

मी कडी घासत बसलो. वाईट वाटलं, खरं सांगतो. त्या डोंगरानं त्यांचा नवरा ठेवून घेतला होता आणि परत पाठवला तो या तीन पाखरांसकट.

*

पावसाळ्यात ठिपक्यांची कोंबडी नाहीशी झाली.

संध्याकाळी हजेरीला दोघंच. सरांनी गल्ली पालथी घातली. शेतापर्यंत जाऊन आले. पोरांच्या खोल्यांत डोकावले, पोरं बिचारी शपथा घेत सुटली. पीस नाही, रक्त नाही, काही नाही. मुंगूस म्हणावं तर माझी जाळी शाबूत. सर मला म्हणाले, "कडी नीट लागत नव्हती, दगा." एवढंच. पण त्यानंतर बाकड्यावर यायचे थांबले.

मला आधी राग आला, मग झोप लागेना. नवी कडी करून दिली. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "म्हाताऱ्या बाबांना काय सांगू?" एवढंच म्हणत. जेवणही कमी झालं, असं अण्णांनी सांगितलं.

त्याच दिवसांत वहिनी दुकानावर आल्या. गोल जाळीचं झाकण हवं होतं, टोपलीएवढं. कशाला विचारलं तर म्हणे पापडावर ठेवायला. भर पावसात पापड! पण मी त्या घरापुढे आधीच ओशाळलेलो. मुकाट्यानं करून दिलं.

"सरांना जरा समजवा वहिनी," मी म्हटलं.

"व्हई बरं," त्या म्हणाल्या. "जरा दम धरा."

*

आता शेवटचा.

महिना होत आला आणि सरांनी ठरवलं, उरलेली दोन मोलगीला परत करायची. बाजाराच्या दिवशी बाबा भेटतील, त्यांच्या हातात द्यायची आणि पाया पडायचं. "मला राखता आली नाहीत," म्हणाले. मी आणि अण्णा सकाळीच गेलो. मी टोपली धरली, अण्णांनी दोरी. सरांनी कोंबडा पकडला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बांधवेना त्यांना.

तेवढ्यात आतून चिवचिव!

आम्ही तिघांनी माना वळवल्या. वहिनी मधल्या खोलीतून आल्या. दोन्ही हातांत गोधड्या ठेवायची टोपली, वर माझं पापडाचं झाकण. टोपली ओट्यावर ठेवून झाकण काढलं. आत ठिपक्यांची कोंबडी पंख फुगवून बसलेली, आणि पंखाखालून एक, दोन, कितीतरी इवलीशी डोकी बाहेर. शेजारी वहिनींची पितळी वाटी, पाण्यानं भरलेली.

सरांच्या हातातून कोंबडा सुटला. ते ओट्याशी खालीच बसले. डोळे भरून आलेले, आणि लपवतही नव्हते.

अण्णा कायद्याचा माणूस. राहवेना. "पण वहिनी, म्हणजे अंडी घरात..."

"कोठे शे अंडं?" वहिनी कडाडल्या. "डोयाले दिसस का एक तरी?"

अण्णांनी दोरी खिशात घातली.

कोंबडी टोपलीतून उतरली आणि पिलांना घेऊन सरळ घरात निघाली. वहिनी तिला आडव्या झाल्या, हुश्श केलं, पदर हलवला. ती ऐकेना. मग त्या सरांकडे वळल्या.

"मन्हं ऐकत नही हाई. तुम्ही तिकडनी भाषामा काय बोलतस हिनासंगे? माले बी शिकाडा."